आईबापांची सभा
(पालकांसाठीं व पालकांच्या सभा चालविणाऱ्यांसाठीं एक पाठ)



गांवच्या शाळेंतून निरोप येतो, “उद्यां पालकांची सभा आहे, आईबापांनीं अवश्य यावें.” हा निरोप आल्यावर घरांत काय होतें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. बाप म्हणतो, “मला शेतावर जावयाचें आहे, तूं जा.” आई म्हणते, “मला अक्षर येत नाहीं, मी जाऊन काय करूं?” शेवटीं आजोबा जातात, अंगठा करितात आणि परत येतात. सभेंत काय झालें असें विचारिलें तर सांगतात, “पोरांना रोज शाळेंत धाडा म्हणाले.”

ह्यांत सर्व दोष आईबापांचाच आहे असें नाहीं. ज्या सभेंत केवळ बोल ऐकून घ्यावे लागतात, तेथें दुसऱ्यांदा कोण जाईल? आणि आपल्या हातून कांहीं होण्यासारखें नाहीं अशी ज्याची खात्रीच झाली आहे, तो सभेस गेला तरी तेथून काय घेऊन येईल? ह्याकरितां या पाठांत आपणांस एकच गोष्ट नीट समजून घ्यावयाची आहे. ज्यांस लिहितां वाचतां येत नाहीं, ज्यांचा सारा दिवस कष्टांत जातो, अशा आईबापांसही आपल्या मुलाच्या शिक्षणास खरें साहाय्य करितां येतें. तें कसें करावें हें दाखवून देणें हेंच पालकांच्या सभेचें काम आहे. त्यांस लाजविणें हें नव्हे.

१. एका सभेची हकीकत

बीड, अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) इत्यादि जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि तीं चैत्राच्या सुमारास परत येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत फड सोडतां येत नाहीं. अशा एका गांवीं आश्विन महिन्यांत, टोळ्या निघण्याच्या आधीं, शाळेच्या पडवींत आयांची सभा भरली होती. मीही तेथें एका बाजूस बसलों होतों.

शिक्षिका बाईंनीं एकेका आईस विचारण्यास आरंभ केला कीं, तुम्ही मुलाचा अभ्यास घरीं कसा घेतां? बहुतेक जणी खालीं पाहूं लागल्या. खांबाआड बसलेली एक आई म्हणाली, “मला लिवता येत न्हाई, बाई. माजा हात कोयत्यावर चालतो, पाटीवर न्हाई. पोराला मी काय शिकवणार?”

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बरें, मला एवढें सांगा. समजा, एका मोळींत बारा ऊस बांधले आणि अशा पंधरा मोळ्या झाल्या, तर एकंदर ऊस किती?”

त्या आईस विचार करावा लागला नाहीं. ती म्हणाली, “धा मोळ्यांचं एकशेवीस, पाच मोळ्यांचं साठ. एकशेऐंशी झालं की!”

बाई म्हणाल्या, “तुमचा मुलगा तिसरींत आहे. हाच गुणाकार त्याला अजून जमत नाहीं. तुम्हांस तोंडीं येतो. मग आतां कोणीं कोणास शिकवावें?”

सगळ्या जणी हंसल्या. पण ती आई हंसली नाहीं. ती खांबाआडून उठून पुढें येऊन बसली. मीं अनेक सभा पाहिल्या आहेत. परंतु एक वाक्य ऐकून कोणी माणूस मागून पुढें येऊन बसल्याचें मीं क्वचितच पाहिलें आहे.

बाईंनीं तिला दुसरा कांहींच उपदेश केला नाहीं. त्यांनीं इतकेंच सांगितलें कीं, फडावर गेल्यावर रोज संध्याकाळीं मुलाकडून त्या दिवसाच्या मोळ्यांचा हिशेब करून घ्या. आधीं तो तोंडीं करूं द्या, मग वहींत लिहूं द्या. हें काम त्या आईच्या आवांक्यांतील होतें, म्हणून तें तिच्या ध्यानांत राहिलें.

२. सभा कशी असावी

वरील हकीकतीवरून सभा चालविणाऱ्यांनीं पुढील गोष्टी शिकाव्या.

पहिली गोष्ट, वेळ आईबापांची असावी. खुरपणीच्या दिवसांत सकाळीं अकरा वाजतां सभा ठेविली, तर कोणी आलें नाहीं म्हणून तक्रार करूं नये. रोजंदारी बुडवून येणाऱ्या बाईस सभेची किंमत तिच्या त्या दिवसाच्या मजुरीएवढी पडते, हें लक्षांत असावें. संध्याकाळीं, स्वयंपाक आटोपल्यावर, किंवा बाजार नसलेल्या सुटीच्या दिवशीं एक तासपर्यंत सभा ठेवावी.

दुसरी गोष्ट, सर्वांनीं एका पातळीवर गोल बसावें. खुर्चीवर एक आणि खालीं चाळीस, असें झालें म्हणजे तें व्याख्यान होतें. सभा होत नाहीं.

तिसरी गोष्ट, कोणत्याही मुलाचे दोष चारचौघांत वाचून दाखवूं नयेत. ज्या मुलाविषयीं कांहीं सांगावयाचें असेल, त्याच्या आईबापांशीं मागाहून एकांतांत बोलावें. चारचौघांत बापास लाज वाटली, तर तिचा मोबदला घरीं मुलाच्या पाठीस मिळतो.

चौथी गोष्ट, प्रत्येक सभेंत एकच कृति शिकवावी, आणि ती तेथल्या तेथें आईबापांकडून करवून घ्यावी. दहा गोष्टी सांगितल्या तर वाटेंतच विसरतात; एक गोष्ट हातानें केली तर ती घरापर्यंत जाते. पुढच्या सभेचा आरंभ “मागची गोष्ट कोणी करून पाहिली? काय अडचण आली?” ह्या प्रश्नानें करावा.

पांचवी गोष्ट, बापांसही बोलवावें. मुलाचें शिक्षण हें आईचें काम आणि फी भरणें हें बापाचें काम, अशी वांटणी घरोघर झालेली दिसते. ती मुलास हितकर नाहीं.

जे सभेस येऊंच शकत नाहींत त्यांचें काय करावें? ह्याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत पूर्वीं मिळालेलें आहे. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें, आज तें पालघर जिल्ह्यांत आहे. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाड येथें गेलें. तेथील आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, म्हणून तीं शाळेंत येत नसत. तेव्हां त्या बायांनीं मुलांस दोष दिला नाहीं. त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. लहान मुलांची बालवाडी त्यांनीं त्यांच्याच वस्तींत, अंगणांत भरविली. अंगणवाडी हें नांव आज घरोघर ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांस हेंच नांव मिळालें आहे.

मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हा त्यांचा मार्ग होता. पालकांच्या सभेलाही तोच मार्ग लागू आहे. आईबाप सभेस येत नसतील तर सभेनें त्यांच्या आळींत जावें. महाराष्ट्रांत २०२२ सालीं ‘पहिले पाऊल’ ह्या नांवानें शाळापूर्व तयारीचें अभियान सुरू झालें. त्यांत पहिलींत येणाऱ्या मुलांच्या आयांचे वस्तीवस्तीवर लहान लहान गट केले गेले, आणि मुलांकडून घरीं काय करवून घ्यावें तें त्यांस दाखविण्यांत आलें. पांच-सहा आया एका ओट्यावर बसतात, तेव्हां ज्या बाईनें मोठ्या सभेंत कधीं तोंड उघडलें नाहीं तीही बोलूं लागते.

३. घरचा अभ्यास

आतां आईबापांनीं घरीं काय करावें तें पाहूं. येथें सांगितलेल्या कोणत्याही गोष्टीस पैसा लागत नाहीं, आणि अक्षरओळखही लागत नाहीं.

बोलणें. जें मूल घरांत पुष्कळ बोलणें ऐकतें आणि ज्याचें बोलणें कोणी तरी ऐकून घेतें, त्यास पुढें वाचलेलें लवकर समजतें. कारण पुस्तकांतील शब्द त्याच्या कानांस आधींच ओळखीचे असतात. पण आपण मुलाशीं बहुधा आज्ञेनेंच बोलतों: ऊठ, जेव, आण, ठेव. भाकरी थापतां थापतां त्यास विचारावें, शेळीस बांधतां बांधतां विचारावें. “आज शाळेंत काय झालें?” असें विचारिलें तर “कांहीं नाहीं” एवढेंच उत्तर येतें. त्याऐवजीं विचारावें, “आज कोणाशीं खेळलास? बाईंनीं गोष्ट कोणती सांगितली? त्या गोष्टींतला लांडगा शेवटीं कोठें गेला?” मग मूल सांगूं लागतें, आणि सांगतां सांगतां त्याचाच धडा पक्का होतो.

हें बोलणें घरच्या बोलींत असावें. घरची बोली अहिराणी असो, भिली असो, गोरमाटी असो कीं वऱ्हाडी असो, तिची लाज धरूं नये. जें आपल्या बोलींत नीट समजलें तें मूल मागाहून दुसऱ्या भाषेंतही शिकतें. जें कोणत्याच भाषेंत समजलें नाहीं तें पाठ केलें तरी व्यर्थ होय.

वाचन ऐकणें. पुष्कळ आया विचारतात, मला वाचतां येत नाहीं, तर मूल बरोबर वाचतें कीं नाहीं हें मला कसें कळावें? ह्यास एक सोपी युक्ति आहे. मुलास शब्दाखालीं बोट ठेवून वाचावयास सांगा. त्याचें वाचून झाल्यावर पानाच्या मध्येंच कोठें तरी बोट ठेवा आणि विचारा, “हा कोणता शब्द?” जें मूल खरोखर वाचतें तें सांगेल, ज्यानें धडा नुसता पाठ केला आहे तें अडखळेल, किंवा पहिल्यापासून म्हणूं लागेल. नंतर तसाच दिसणारा शब्द त्याच पानावर दुसरीकडे शोधा आणि तो विचारा. शब्द सारखा दिसतो तर उत्तरही सारखेंच आलें पाहिजे. एवढी परीक्षा अंगठा करणारी आईही घेऊं शकते. मग शेवटीं विचारा, “ह्यांत काय सांगितलें आहे तें मला सांग.” मूल अडखळलें तर रागावूं नका; दुसऱ्या दिवशीं शिक्षकांस तेवढें कळवा. तुमचें काम चूक सुधारणें नाहीं, चूक ओळखून कळविणें आहे.

हिशेब. चिंचोके घ्या. मुलाकडून दहा-दहांचे ढीग करवा. चार ढीग आणि तीन सुटे चिंचोके म्हणजे त्रेचाळीस. पाटीवर ४३ लिहिलें असतां त्यांतील ४ म्हणजे चार नव्हे, चार ढीग, ही गोष्ट ज्या मुलाच्या हातांनीं पाहिली आहे, तें हातच्याच्या बेरजेंत चुकत नाहीं. बाजारांत जातांना मुलास बरोबर न्यावें. पन्नासांतून अठरा गेले तर परत किती यावे हें आधीं त्यास सांगूं द्यावें, आणि मग दुकानदाराकडून घ्यावे.

गोष्टी आणि कोडीं. आजीस सांगा कीं, तिच्या गोष्टी, उखाणे व कोडीं हीं घरांतील पुस्तकेंच आहेत. गोष्ट अर्ध्यावर थांबवून “पुढें काय झालें असेल?” असें विचारणें हा विचार करावयास शिकविण्याचा उत्तम मार्ग आहे.

जागा व वेळ. घर एका खोलीचें असलें तरी एक कोपरा आणि दिवसाची पंधरावीस मिनिटें ठरलेलीं असावीं. त्या वेळीं दूरदर्शन बंद असावें, आणि आईबापांनींही हातांतील फोन खालीं ठेवावा. आपण फोन पाहत असतां मुलास पुस्तक पाहावयास सांगितलें, तर तें आपलें बोलणें ऐकत नाहीं. तें आपले डोळे कोठें आहेत हें पाहतें.

हें सर्व लहान वयांत व्हावें, ह्याचें कारण आहे. ५ जुलै २०२१ रोजीं देशांत निपुण भारत नांवाचें अभियान सुरू झालें. प्रत्येक मुलास तिसरी इयत्तेच्या अखेरीस समजून वाचतां यावें आणि साधा हिशेब करितां यावा, हें त्याचें ध्येय आहे. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकतें; त्यापुढें तें वाचून शिकतें. ज्यास तोंवर वाचन आलें नाहीं त्यास इतिहास, भूगोल, विज्ञान हे सर्वच विषय बंद होतात. मग तें मागच्या बाकावर बसूं लागतें, आणि एके दिवशीं शाळेंत जाणेंच सोडतें. आपण म्हणतों, त्यास शिक्षणाची गोडी नाहीं. खरें पाहतां त्याच्या हातांत किल्लीच कधीं आली नाहीं.

४. देह आणि मन

भुकेलें, निजेला आलेलें किंवा भ्यालेलें मूल शिकत नाहीं. म्हणून सभेंत पुस्तकांइतकेंच या गोष्टींविषयींही बोलावें.

झोंप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं नऊ ते बारा तास झोंप पाहिजे, असें वैद्यकशास्त्र सांगतें. रात्रीं अकरापर्यंत दूरदर्शनासमोर बसलेलें मूल सकाळीं वर्गांत डुलक्या घेतें, आणि गुरुजी त्यास मंद म्हणतात. लहानांच्या बाबतींत जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं, एक वर्षाच्या आंतील मुलास पडद्यासमोर मुळींच बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांत एका तासापेक्षां अधिक बसवूं नये. त्याहून कमी असेल तर बरें.

आरोग्य. फळ्यावरचें दिसत नाहीं म्हणून मूल चुकीचें लिहितें, ऐकूं येत नाहीं म्हणून तें उत्तर देत नाहीं, आणि आपण त्यास आळशी समजतों. मूल पुस्तक नाकाशीं धरीत असेल, किंवा मागून हांक मारिली असतां वळून पाहत नसेल, तर तें शिक्षकांस व आरोग्यसेविकेस सांगावें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यांतील वैद्यांचें पथक शाळांत व अंगणवाड्यांत येऊन मुलांस तपासतें. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये. जंतांमुळें मुलाच्या अंगीं रक्त राहत नाहीं. म्हणून जंतनाशक दिनीं शाळेंत फुकट मिळणारी गोळी अवश्य घेऊं द्यावी.

मार. ह्याविषयीं मी स्वतःचाच दोष सांगतों. माझा मुलगा लहान असतां सातांच्या पाढ्यांत पुनःपुन्हां चुके. एका संध्याकाळीं मी थकलेला होतों. मीं त्यास जोरानें चापट मारिली. दुसऱ्या दिवशीं त्यानें पाढा न चुकतां म्हटला. मला वाटलें, मार लागू पडला. परंतु त्या दिवसापासून त्यानें पाटी घेऊन माझ्याजवळ येणें सोडिलें. अडलें कीं तो आईकडे जाई. ती नसली तर तसाच बसून राही. पाढा त्यास आला, पण बाप दूर झाला. तो पुन्हां माझ्याजवळ येऊन बसावयास पुष्कळ महिने लागले, आणि त्याआधीं मला त्याच्यापाशीं चूक कबूल करावी लागली.

भ्यालेलें मूल उत्तर शोधीत नाहीं. तें आपल्या चेहऱ्याकडे पाहून सुटका शोधतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें ह्यांस मनाई केली आहे. तेव्हां “गुरुजी, हाडें आमचीं, मांस तुमचें” असें सांगून मुलास शाळेंत सोडण्याचे दिवस गेले. जें शाळेंत अयोग्य तें घरीं योग्य कसें होईल? तसेंच “शेजारच्याचा मुलगा बघ” असें म्हणणें हाही एक मारच आहे. त्याचा वळ दिसत नाहीं एवढेंच.

जें मूल एकाएकीं बोलेनासें झालें, जेवेनासें झालें, किंवा शाळेच्या नांवानें रडूं लागलें, त्यास ओरडूं नये. जवळ घेऊन विचारावें. त्यास कोणी त्रास देत असेल तर तें प्रथम घरांत सांगण्याइतका त्याचा आपल्यावर विश्वास असला पाहिजे. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा फोनक्रमांक आहे. तो मुलांसही पाठ असावा.

५. जे गांव सोडून जातात त्यांसाठीं

ऊसतोडीस, वीटभट्टीस किंवा इतर कामास जाणाऱ्या आईबापांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

शक्य असेल तर मूल गांवींच, आजीआजोबांजवळ ठेवावें. कांहीं गांवीं अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृह चालतें. त्याची चौकशी टोळी निघण्याच्या आधीं करावी. मूल बरोबर न्यावयाचेंच असेल तर न सांगतां नेऊं नये. शाळेंत जाऊन सांगावें आणि शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावें. मूल कोणत्या इयत्तेंत आहे व त्यास काय येतें हें त्यावर लिहिलेलें असतें. तें पाहून कामाच्या ठिकाणच्या शाळेंत त्यास बसवितां येतें. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें मुलास सरकारी व अनुदानित शाळेंत बदलून जाण्याचा हक्क आहे. आणि दाखला उशिरां आला एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं. हें आईबापांस ठाऊक नसतें, म्हणून “दाखला आणा, मग पाहूं” असें ऐकून ते परत फिरतात, आणि मुलाचे पांच महिने फडांत जातात.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणानें लिहितों. मूल न्यावयाचें कोणतें हें ठरवितांना बहुधा थोरली मुलगी निवडली जाते. मुलगा आजीजवळ शाळेसाठीं राहतो. मुलगी कोपीवर धाकट्या भावंडास संभाळण्यासाठीं, पाणी भरण्यासाठीं व भाकरी करण्यासाठीं जाते. आईबापांची अडचण खरी आहे, ती मी नाकारीत नाहीं. पण परत आल्यावर ती वर्गांत मागें पडते. मग तिला शाळेची लाज वाटूं लागते, आणि नंतर घरांत तिच्या लग्नाचें बोलणें निघतें. एका हंगामाचा निर्णय असा तिच्या जन्माचा निर्णय होतो. पालकांच्या सभेंत हा प्रश्न मोकळेपणानें निघाला पाहिजे, आणि तो टोळ्या निघण्याच्या आधींच निघाला पाहिजे.

६. शाळा आपलीही आहे

पुष्कळ आईबाप शाळेच्या दारांत परक्यासारखे उभे राहतात. सरकारी व अनुदानित शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असावी असें त्याच कायद्यानें ठरविलें आहे. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावे, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नियम आहे. शाळेचें काम कसें चाललें आहे हें पाहणें व शाळेच्या विकासाचा आराखडा करणें हीं या समितीचीं कामें आहेत. म्हणून समितीवर नांव असलेल्या बाईनें नुसता अंगठा करून परत येऊं नये. पिण्याचें पाणी आहे काय, मुलींसाठीं शौचालय उघडें असतें काय, दुपारचा आहार नीट शिजतो काय, हें विचारण्याचा तिला अधिकार आहे. विचारतांना मात्र शिक्षकांस शत्रू समजूं नये. मुलाचा एक हात आईबापांच्या हातांत आणि दुसरा शिक्षकांच्या हातांत असतो. दोघे दोन दिशांस ओढूं लागले तर दुखतें तें मुलासच.

७. शेवटची गोष्ट

ती आई चैत्रांत परत आली. मीं शाळेंत त्या मुलाची वही पाहिली. पहिल्या महिन्याचीं पानें भरलेलीं होतीं: तारीख, मोळ्या, ऊस. पुढें पुढें पानें विरळ होत गेलीं होतीं. मधले कांहीं आठवडे कोरेच होते. विचारिलें तेव्हां आई म्हणाली, “रातच्याला गाडी भराया लागली, मग डोळं मिटायचं.” मुलाचें वाचन मागें पडलें होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण बारांचा पाढा त्यास आईप्रमाणें तोंडीं येत होता, आणि शाळा सुटल्यावर तो वही घेऊन स्वतः बाईंकडे गेला होता. जेथें सुटलें तेथून बाईंनीं त्याचा अभ्यास पुन्हां सुरू केला.

त्याच टोळीबरोबर गेलेली एक अकरा वर्षांची मुलगी मात्र शाळेंत परत आली नाहीं. तिच्या आईबापांपर्यंत आश्विनांतील ती सभा पोंचली नव्हती. त्या दिवशीं ते मुकादमाकडे गेले होते. बाई आतां तिच्या घरीं जात असतात. सभा एकदां झाली म्हणजे काम झालें असें कोणीं समजूं नये, म्हणून ही गोष्ट मी शेवटीं सांगतों. जे आले त्यांच्याबरोबर बसावें, आणि जे आले नाहींत त्यांच्या दारीं जावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवच्या मागील पालकसभेंत किती आईबाप आले होते? जे आले नाहींत ते कोणत्या कारणानें आले नाहींत?

२. आपणांस असें कोणतें काम उत्तम येतें कीं ज्यांतून मुलास हिशेब किंवा नवे शब्द शिकवितां येतील?

३. मूल खरोखर वाचतें कीं पाठ म्हणतें हें न वाचतां येणाऱ्या आईनें कसें ओळखावें?

४. आपल्या घरांत मुलगा व मुलगी ह्यांस अभ्यासासाठीं सारखा वेळ मिळतो काय?

५. कामासाठीं गांव सोडतांना शाळेंतून कोणता कागद घ्यावा, आणि दाखल्याविषयीं कायदा काय सांगतो?

ह्या आठवड्याचें काम: रोज रात्रीं निजण्याच्या आधीं आपल्या मुलास आज ऐकलेली एक गोष्ट सांगावयास सांगा, आणि ती संपेपर्यंत मध्यें बोलूं नका. सात दिवसांनंतर शेजारच्या एका घरीं जाऊन त्यांसही हें करावयास सांगा. तेथून आपल्या आळीची सभा सुरू होईल.